देवासपेक्षा जवळ

आई, तुझं माहेर इथून किती लांब होतं? मी घरातली पहिली बी.ए. झाले, परदेशीपुऱ्यातल्या शाळेत मुलींना भूगोल शिकवते, नकाशावर बोट ठेवून अंतरं सांगते. पण याचं उत्तर मला देता येत नाही. देवासची मोटार तासाभरात पोचते. तू मात्र माझ्या आठवणीत दोनदाच गेलीस, आणि दुसऱ्यांदा उशीर झाला होता.

तो दिवस अजून दिसतो. देवासहून मामा आलाय, चपला न काढता दारातच उभा. "ताई, अण्णांचं काही खरं नाही. तुझं नाव घेताहेत." तू पुरणपोळी लाटतेयस. हातातलं लाटणं तसंच धरून तू बाबांकडे बघतेस, बाबा आत्याकडे. आत्या म्हणते, "वहिनी, पंगत बसायचीये. इथंच तर आहे देवास, उद्या पहिल्या मोटारीनं जा ना." तू पुन्हा पोळपाटाकडे वळलीस. दुसऱ्या दिवशी आपण पोचलो तेव्हा आजोबांच्या ओसरीवर माणसं ओल्या पंच्यांनी बसली होती. तू रडली नाहीस. परतताना मोटारीत एवढंच म्हणालीस, "किती जवळ आहे ना गं."

तू गेलीस त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. नवं राज्य झालं, बाबांचं दफ्तर भोपाळला गेलं, आणि दम्यामुळे बाबा इथंच राहिले. त्यांना मी एकटीच. आता आत्यानंच माझ्यासाठी स्थळ आणलंय. मुलगा नैरोबीला रेल्वेत आहे, सुट्टीत इथं त्याच्या मामांकडे उतरलाय. "इतक्या लांब?" मी म्हटलं, तर आत्या हसायलाच लागली. "काहेका लांब! मुंबईहून रात्री हवाई जहाजात बसायचं, सकाळी नैरोबी. नागपूरला याच्याहून जास्त टाइम लागतो. आणि तुला काय ते चलवायचंय? बसायचंच तर आहे!" बाबाही हसले. ते फार दिवसांनी हसले, म्हणून मी गप्प राहिले. लग्न पक्कं करायची सुपारी उद्याची ठरली.

आज शाळा सुटल्यावर मी एकटीच त्या मामांच्या घरी गेले. कडी वाजवायला हात उठेना. दार नैरोबीवाल्यांनीच उघडलं, खुर्ची दिली, पाणीही स्वतः आणून दिलं. मी विचारलं, "बाबांना जास्त झालं आणि मला यायचं असलं, तर?"

"तर यायचं. विमान आहे की."

"त्याच दिवशी?"

ते जरा गोंधळले. "तुम्ही मला सांगायचं, मी आमच्या दादांना विचारणार. एकत्र राहतो ना आम्ही. अहो, कोणी नाही थोडंच म्हणणार आहे?"

ते वाईट नाहीत, आई. बाबा तरी कुठं वाईट होते? पण इकडे बाबांचा श्वास अडकलेला असेल आणि तिकडे मी दिराच्या तोंडाकडे बघत उभी असेन. विमान मग कितीही लवकर पोचो.

बाहेर बाबा उद्यासाठी जाजम झटकताहेत. धूळ सोसत नाही, तरी कुणाला हात लावू देत नाहीत. आत्या शेजारून कपबशा मागून आणतेय. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरले. हे पत्र तुला पोचायचं नाही, आणि ज्यांना सांगायला हवं त्यांच्यापुढे माझं तोंड उघडत नाही. उद्या आपल्याकडे कुणी येणार नाही, आई. त्यांनी दिलेलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि मी तिथंच त्यांना नाही म्हणून आले.