कुल्वार आणि दशम्या

सोमवार, २ डिसेंबर २०२४. सकाळी ७ वाजून १० मिनिटे.

अन्याय नेमका या वेळी झाला. आमच्या पहाट मंडळाचे अध्यक्ष किशनराव यांनी चहाच्या टपरीवर सह्याद्रीच्या सहलीची नावं वाचली. घळ चढणारे सगळे पुरुष. माझं नाव शेवटी, 'दशम्या आणि चटणी' या कामापुढे. सहलीची कल्पना माझी! डोंगरातल्या अशा उभ्या, अरुंद घळीला कुल्वार म्हणतात, शब्द मूळचा फ्रेंच, हे जिंतुरात पहिल्यांदा मी सांगितलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटनी आल्प्सचं चित्र दाखवून शिकवलं होतं. किशनराव म्हणाले, "मॅडम, आमी घळच म्हणतोत. अन् तुमच्या दशम्या लय भारी असतेत." दुसरं वाक्य खरं आहे. म्हणूनच जास्त लागलं.

मंगळवार, ३ डिसेंबर.

भांडले. मंडळ नमलं. रविवारी बोरीजवळच्या टेकडीची घळ जो चढेल, तोच सह्याद्रीत चढेल. म्हणजे माझं नक्की. उद्या पहाटेपासून जिन्याचा सराव.

बुधवार.

जिना फार गार होता. अंथरुणातच श्वासाचे व्यायाम केले. पायाइतकाच श्वास महत्त्वाचा.

शुक्रवार.

जिना केला. सूनबाई निकिता म्हणते, मी कठडा धरून बसत बसत उतरते. ते टेक्निक आहे. सुनांना कळत नाही.

शनिवार. रात्री ९.

सरावाऐवजी बूट धुतले. किशनरावांचा गुडघा दुखतोय असं कळलं. वाईट वाटलं. फार नाही.

रविवार, ८ डिसेंबर. दुपारी ४.

घळ चढले. बरीचशी. मधल्या कातळावर देखावा पाहायला थांबले, ते थांबणं लांबलं. वर पाय जाईना, खाली बघवेना. किशनराव गुडघ्यासकट वर पोचलेले, तिथून ओरडले, "या की मॅडम, कुल्वार संपतच आलं!" मी सांगितलं, रीतसर दोर मागवा. दोर कुणीच आणला नव्हता.

शेजारच्या रानातून भागवत नावाचे म्हातारे शेतकरी आले आणि माझ्या कातळापर्यंत चढले. त्यांनी डोक्याचा पटका सोडला. या वयाची माणसं चारचौघांत उघड्या डोक्यानं उभी राहत नाहीत. पटक्याचं एक टोक माझ्या कमरेला, दुसरं त्यांच्या मुठीत. "अक्का, बसत बसत या. खाली न्हाई, माझ्याकडं बघा."

बसत बसत आले. टेक्निक माझंच.

डोक्याचा पटका सोडणाऱ्याचा मान करावा लागतो, म्हणून विचारलं, काय देऊ? म्हणाले, "पिशवीत दशम्या हायेत म्हणं."

होत्या. फक्त स्वतःपुरत्या म्हणून केल्या होत्या. मंडळाला पुरून उरल्या.

सोमवार, ९ डिसेंबर. सकाळी ७:३०.

किशनरावांनी येत्या रविवारच्या सहलीची नवी नावं वाचली. भागवत सहलीला येणार, पटक्यासह. मी: दशम्या आणि चटणी. चटणी वाढवून.

मंडळाला कळवायचा मजकूर: मी घसरले नाही, उतरले. उतरता त्यालाच येतं, जो चढलेला असतो. सबब माझं नाव घळ चढणाऱ्यांत घालावं, आणि तसं लेखी उत्तर शनिवार, १४ डिसेंबर, संध्याकाळी पाचच्या आत मला घरपोच मिळावं. पाचनंतर आलेलं उत्तर घेतलं जाणार नाही. तेव्हा माझे दोन्ही हात दशम्यांच्या पिठात असतील.