छावणीचा रकाना

गुरुवार, १२ नोव्हेंबर १९८१
गुदैबिया

मारियाच्या आईने आम्ही पाठवलेला यादीचा कागद फाडून टाकला. खुद्द मारियानेच संध्याकाळी फोनवर सांगितलं. ती आमच्या हिच्या हॉस्पिटलातली ऑस्ट्रियन नर्स, रोमा या युरोपातल्या भटक्या जमातीची. आई लहानपणी हिटलरच्या छावणीतून वाचलेली. तिच्या तिकडच्या वस्तीतल्या अशाच म्हाताऱ्यांसाठी इथे आखातात आमच्या मराठी मंडळाने लोकरी कपडे जमवलेत. कुणाला काय दिलं याची यादी हवी, म्हणून रकाने मी आखले: नाव, वय, पत्ता, छावणी. बातमी लिहायच्या सवयीने.

“तेव्हाही पोलीस आधी यादी करून गेले,” मारिया म्हणाली. “मग ट्रक आले.”

छावणीचा रकाना! सुचला तरी कसा मला?

आईचं म्हणणं, कुठल्या घरात कोण कुडकुडतंय ते मला ठाऊक आहे, कपडे मीच वाटते.

सेक्रेटरी सावंत ऐकून उसळलेच. “अहो, यादीशिवाय सभासदांना काय दाखवू, माझं टक्कल?” मी हसलो. पण तो रकाना काही डोळ्यांपुढून हलत नाही. तिकडे बर्फ सुरू झालाय.

उद्या शुक्रवारी बैठक. यादीशिवाय गठ्ठे पाठवायचा ठराव मी मांडणार. सावंत विरोध करतील, बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघतील. चूक माझी होती, हे मात्र सगळ्यांपुढे मलाच म्हणावं लागेल.