निबंधातलं खोडलेलं वाक्य

चिमणे,

लॉ कॉलेजच्या अर्जातला तुझा निबंध काल मी तपासायला घेतला आणि एक वाक्य खोडून अर्ज पाठवून दिला. 'बाबा आईवर ओरडायचे तेव्हा तिची बाजू मांडता मांडता मी वकिली शिकले', हे ते वाक्य. वर तुला म्हणालो, "एकही चूक नव्हती." सकाळपासून तुझ्याकडे बघवत नाहीये.

प्रवेश केंद्रातल्या बाईंच्या हातापाया पडून अर्ज परत उघडून घेतलाय. वाक्य होतं तिथे टाकलंय. पाचच्या आत वाचून तूच पाठव, माझा भरवसा नाही.

खोटं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं गं.

आईला दुकानातून आणायला निघालोय, वाटेत तिला सगळं मीच सांगेन. घरी आल्यावर माझी बाजू मांडू नकोस.

बाबा