मी हा विषय का घेतला

नांदेड, रविवार, ११ ऑगस्ट २०२४

प्रिय शिल्पा,

चार वर्षं तुला पत्र नाही, फोन नाही. नांदेडहून लातूर काही लांब नाही, तेव्हा वेळ मिळाला नाही असं लिहिणं खोटं ठरेल. माफ कर.

आपण दोघी एका बाकावर बसायचो, त्याच विभागात मी अजून शिकवते. यंदा सात मुली आहेत. पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे विचारलं, स्त्री अभ्यास का घेतला? एकीला दुपारचे तास सोयीचे, सकाळी ती दुकानात कामाला असते. एकीला वसतिगृह हवं होतं. अहमदपूरची मंजुश्री म्हणाली, "बाबाला सांगितलं, यात शिवण शिकवतेत. म्हणले, हाव, मग जा." सगळा वर्ग हसला, मीही हसले. तिनं लगेच विचारलं, "अन् मॅडम, तुम्ही कामून घेतला?"

मी दहा मिनिटं समतेवर बोलले. पोरगी सगळं वहीत उतरवून घेत होती. त्या दिवशीच्या डायरीत माझी एकच ओळ आहे: खोटं बोलले. खरं कारण तू होतीस. वसतिगृहात तू फॉर्म भरलास आणि तुझ्याकडे बघून मी विषयाचा रकाना भरला. तू नसलेल्या वर्गात एकटीनं बसायची मला धास्ती वाटायची. विषयाची गोडी नंतर लागली. तोवर तू निघून गेली होतीस.

पंचमीसाठी मंजुश्री गेल्या आठवड्यातच पुस्तकं घेऊन गावी गेली. वडिलांनी ती चाळली. शिवणाचं एक पान सापडलं नाही, वारसाहक्काचं प्रकरण मात्र सापडलं. "भावाला वाटा मागायचं शिकून राहिली का?" म्हणून त्यांनी तिला घरीच ठेवून घेतलं. परवा तिचा निरोप आला: "मॅडम, मंगळवारी बाबा माझं नाव काढायला येणार हायत. त्याच्या आधी तुम्ही घरी या. तुमचं ऐकतील." दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. माझं आडनाव ऐकून ते जास्तच बिथरतील, तिचंच नुकसान होईल, अशी स्वतःची समजूत घालत बसले.

ही समजूत मी आधीही घातली आहे. एम.ए.च्या पहिल्या वर्षी वडिलांनी लग्नासाठी तुला घरी ठेवून घेतलं, तेव्हा तू रेणापूरहून निरोप धाडलास, "ज्योत्स्ना, एकदा ये. आबांशी बोल." मी आले नाही. आम्ही बौद्ध, मला दारात पाहून आबा आणखी चिडतील, असं मी परस्पर ठरवून टाकलं. तू तसं कधी म्हणाली नव्हतीस. ती तुझी काळजी होती की माझी भीती, हे तेवीस वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. तुझं लग्न झालं, शिक्षण राहिलं, आणि तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

क्षमा मिळावी म्हणून हे लिहीत नाही. मंजुश्रीला 'येते' म्हणण्याआधी, तेव्हा मी तुझ्याकडे का आले नाही, ते तुला सांगणं भाग होतं. तिला आत्ताच कळवलं.

तुझीच,
ज्योत्स्ना

उद्या: सकाळी सातची अहमदपूरची एसटी.