गुळगुळीत

ओकाझाकी, ८ ऑक्टोबर

प्रिय सायोको,

नासपतीची पेटी पोचली. त्यातल्या दोन मी लॅबमध्ये नेल्या, बाकीच्या एकटीनेच संपवल्या. आईची कंबर कशी आहे? तुझ्या छोट्या त्सुमुगीला नव्या औषधाने झोप लागते का?

काल आमच्या लॅबमध्ये प्रयोगांत मेलेल्या उंदरांसाठीची वार्षिक प्रार्थना झाली. त्यांच्या स्मरणाच्या दगडापुढे पांढरी फुलं ठेवून सगळे वाकले. सर पुटपुटले, "चिझुरूबाई, तुम्ही जरा जास्त वेळ वाका. सगळ्यात जास्त उंदीर तुमच्या हातून गेलेत." एरवी मी हसले असते.

परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, लॅबमध्ये तुम्ही पेशींना रस्ता दाखवता ना? मग हिच्यासाठी काहीच नाही?"

आम्ही बशीत एका कडेला रसायनाचा थेंब सोडतो. मेंदूची कोवळी पेशी आपल्या कुठल्या टोकाला वास जास्त येतो ते ताडते, तिकडे पाय टाकते आणि मागचं अंग ओढून घेते. थेंब दुसऱ्या कडेला सोडला की वळते. त्सुमुगीच्या पेशींनाही वास लागला होता गं. पाय पुढे गेला, अंग ओढलंच गेलं नाही. अर्ध्या वाटेत अडकल्या, म्हणून मेंदूला घड्या पडल्या नाहीत. ती वाट जन्माआधीच बंद होते. माझ्याकडे तिच्यासाठी काही नाही.

आता फोनवर सांगता न आलेलं. आठव्या महिन्यात तू पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या तपासणीचा फोटो पाठवलास. तुमचे डॉक्टर मोठ्या इस्पितळात जा म्हणत होते. मी लिहिलं, "छान गुळगुळीत आहे, उगाच धावपळ करू नकोस." अठरा वर्षं मी उंदरांचे मेंदू बघतेय, ते गुळगुळीतच असतात. माणसाचा त्या महिन्यात तसा नसतो, हे मला ठाऊक होतं. पण डोळ्याला सवयीचं दिसलं आणि मी चांगलं म्हणून मोकळी झाले.

मग पाच महिन्यांची त्सुमुगी सारखी मान झुकवायला लागली. आई म्हणाली, "पोर वळणाची आहे, सगळ्यांना वाकून नमस्कार करते." तुझा व्हिडिओ बघून मीही हसले. ते फिटचे झटके होते. आधी कळलं असतं तर मेंदू सुधारला नसता, पण ते सात आठवडे औषधाविना गेले नसते.

एका घरात राहून तू आईशी बोलत नाहीस म्हणे, तिने हसण्यावारी नेलं म्हणून. तिला दोष देऊ नकोस. तिला काही माहीत नव्हतं. फोटो मी पाहिला होता.

काल सगळ्यांनी माना वर केल्या. मला त्सुमुगी आठवली आणि वर बघवेना. शनिवारी येते. घरात घेतलं नाहीस तर दारातूनच परत फिरेन, पण आईशी बोल.

मान खाली घालूनच,
तुझी ताई
चिझुरू