आमच्या रानातली बातमी

९ मे
कित्येक महिने ही वही उघडली नाही. माफी कुणाची मागायची – वहीची? वेळ नव्हता असं लिहिणार होते. खोटं आहे. उठल्या उठल्या मोबाइलवर बातम्या, भाकरी थापताना टीव्हीवर त्याच, जेवताना पुन्हा त्याच. सध्या चोरांच्या टोळ्या. ड्रोन उडवून घरं हेरतात म्हणे. कडी लावली का, उठून उठून बघते.
सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या फोनात सगळं जग चोर हाय. मग त्यालाच उशाला घेऊन का झोपतीस?"
यांना काय कळतं जगातलं, असं मनात आलं. एम.ए. झालेल्या बाईच्या.

१२ मे
म्हस्कू आला. कऱ्हाटीचा मेंढपाळ. सासऱ्यांच्या काळापासून दर उन्हाळ्यात येतो. आमच्या मोकळ्या रानात रात्री मेंढरं बसवतो, रानाला खत मिळतं, त्याला आम्ही बाजरी देतो. यंदा सोबत दोन नवी माणसं. मी आधार कार्ड मागितलं.
तो हसला. "सूनबाई, मेंढरांचंबी दावू का?"
मला हसू आलं नाही.

१३ मे
खिडकीतून त्यांच्या पालाचा फोटो काढला. गावच्या ग्रुपवर टाकला – 'दोन अनोळखी इसम. कुणी ओळखतं का?'
नुसतं विचारलं.

१४ मे
सकाळी ग्रुपवरचा युवराज चार-पाच पोरं घेऊन आला. हातात काठ्या. "वैनी, तुमी निवांत राव्हा." मारलं नाही कुणाला. नुसती उभी राहिली. नवी माणसं म्हणजे म्हस्कूचा जावई आणि जावयाचा भाऊ.
म्हस्कूनं मेंढरांभोवतीची जाळी सोडली, पाल गुंडाळलं. सासूबाईंना हात जोडले. मला म्हणाला, "मॅडम, कड्या नीट लावून घ्या."
इतकी वर्षं सूनबाई होते.

१५ मे
खत अर्ध्याच रानात पडलंय. सासूबाई बोलत नाहीत. मी टीव्ही लावून बसले. मेंढपाळांनी कुठं चोरी केल्याचं दिसलं असतं, तर बरं वाटलं असतं. लिहिताना लाज वाटते. पण तेच शोधत होते.

१७ मे, संध्याकाळ
बारामतीहून धाकट्या बहिणीनं, प्रगतीनं फोटोसकट बातमी पाठवली – 'मेंढपाळांच्या वेशात मुलं पळवणारी टोळी बारामतीकडे निघाली आहे. दिसताच धरा.' लगेच लिहिलं, पोरांना बाहेर सोडू नकोस.
मग फोटो मोठा करून पाहिला. कडेला आमच्या खिडकीचा गज.
प्रगतीला फोन केला – खोटं आहे गं, फोटो माझा आहे. ती म्हणाली, "ताई, मी तर सगळ्या ग्रुपांवर टाकलं. तूच म्हणालीस ना, पोरं सोडू नकोस?"
पोलिसांना कळवलं. ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. कुणी वाचलं नाही अजून. म्हस्कूकडे फोन नाही. कऱ्हाटीला तो बारामतीवरूनच पायी जाणार.
उद्या – पहिल्या एसटीनं निघून, लोकांच्या आधी म्हस्कूला गाठणे.