मागच्या खोलीतल्या माश्या आणि सतीशने वापरलेला शब्द

मी, वेंकटराव सुब्रह्मण्य, वय पंचाहत्तर, कृषी खात्यातून निवृत्त झालेला कीटकशास्त्रज्ञ, राहणार करंदै, तंजावूर, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दडपण आहे ते परवा होणाऱ्या हृदयाच्या ऑपरेशनचं. त्याने अक्षर बिघडतं, डोकं नाही.

हे मुद्दाम देवनागरीत लिहितो आहे. माझा थोरला सतीशकुमार मराठी बोलतो, पण वाचत नाही. घरात ही लिपी वाचणारी एकटी कनकलता, माझ्या गेलेल्या धाकट्या रमणची बायको. तिला ती माझ्या बायकोने, सरोजाने शिकवली. तेव्हा वाचन तीच करील आणि सतीश कूडमात, म्हणजे मधल्या दालनात, समोर बसून ऐकेल. सतीश, मध्येच फोन घेतलास तर पुन्हा पहिल्यापासून, सांगून ठेवतो.

१. बँकेत जे काही असेल ते सगळं सतीशचं.

२. सूक्ष्मदर्शक कनकलतेचा. त्यावर सतीशने लहानपणी मारलेला ओरखडा आहे, तो राहू द्यावा.

३. मागची खोली. लिहिता लिहिता आत्ताच उठून बघून आलो, करंट गेला होता. जिवाला स्वस्थता कशी ती नाहीच. तिथे बाजरीच्या भरडीवर तांदळाचे पतंग वाढतात. त्यांची अंडी कार्डावर चिकटवायची आणि आमच्या ठिपक्याएवढ्या माश्यांपुढे ठेवायची. माशी अंड्यात अंडं घालते, तिचं पिल्लू आतलं सगळं खातं, अंडं काळं पडतं. मग ती कार्डं तिरुवैयारुच्या शेतकऱ्यांच्या भातात आणि उसात बांधायची. तिथे त्यांतून निघालेल्या माश्या खोडकिडीची अंडी संपवतात.

अशा कीटकाला पॅरासिटॉइड म्हणतात. पॅरासाइट नव्हे! ऊ डोकं खाते, पण माणूस जगायला हवा असतो तिला. पॅरासिटॉइडचं पिल्लू मात्र यजमानाला संपवल्याशिवाय मोठं होत नाही. माझ्या तेव्हाच्या साहेबांना हा शब्द फार जड वाटला. त्यांनी पत्रकात तमिळमध्ये ‘शेतात परजीवी सोडा’ असं छापलं. लोक घाबरले आणि कार्डं कालव्यात फेकून मोकळे झाले. माझ्या माश्या बुडाल्या! त्या साहेबांना मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही.

कोर्टाचा शिक्का पडेपर्यंत माश्या थांबत नाहीत, रोज ताजी अंडी मागतात. म्हणून हे कलम आजच अमलात आणलं. सकाळी खोलीची किल्ली कनकलतेच्या हातात दिली. “मामंजी, परत याल ना?” म्हणाली. मी म्हटलं, “आधी पतंगांचे ट्रे बघ.” दुसरं काय बोलणार?

४. घर. सतीश, पोंगलला आलास तेव्हा माझ्याच घरी पानावर बसून म्हणालास, “अप्पा, घर विकून टाकू. ती पॅरासाइट आहे, आयतं बसून खाते.” कनकलता आत फोडणी देत होती. तिने ऐकलं. तिची पळी थांबली, मग पुन्हा चालू झाली. मी गप्प बसलो, कारण सणाचं जेवण होतं. आज बोलतो. माझी औषधं, माश्या, शेतकऱ्यांचे फोन, सरोजाचं शेवटचं आजारपण, सगळं तिने सांभाळलं. तिला तो शब्द लागू होत नाही, आणि दुसराही नाही.

तुझं म्हणशील तर तुला आम्ही दोघांनी राजीखुशीने आतून खाऊ दिलं, बाळा. पोरं तशीच मोठी होतात. तू पंख घेऊन उडालास, याचा मला अभिमानच आहे. पण हे कवच अजून रिकामं झालेलं नाही, त्यात माणूस राहतं. म्हणून करंदैचं घर, विहीर आणि मागच्या खोलीसकट, कनकलतेचं. विकायचं की ठेवायचं ते तीच ठरवील.

५. कनकलता, इथे थांब. कागद खाली ठेव. सतीश, तिच्याकडे बघ आणि तो शब्द आता तिच्या तोंडावर म्हण. म्हणवत नसेल, तर दोघं पानावर बसा. आज तिला तू वाढ.

सही: सु. वेंकटराव
साक्षीदार: सांबशिव (शेजारी), अनिरुद्धराव (सरोजाचे भाऊ). दोघांनी माझी सही डोळ्यांनी पाहिली, आपली तमिळमध्ये केली.
तंजावूर, १२ फेब्रुवारी २०२५